माझ्या आणि खांद्यामधली फट

मी एक जुना दस्ता आहे, मित्रांनो. बंदुकीचा दस्ता, म्हणजे तिचा मागचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकवतात. तुम्ही बंदूक पाहिली की तुमची नजर पुढच्या नळीवर जाते, हे मला चांगलं ठाऊक आहे. सगळा भाव ती नळीच खाते. आवाज तिचा, धूर तिचा, छर्रेही तिच्याच तोंडून सुटतात. मागचा धक्का मात्र मी घेतो आणि माणसाच्या खांद्यापर्यंत पोचवतो. या कामाचा मला अभिमान आहे, तेव्हा थोडी बढाई मारली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म सोलापुरात, शिसवीच्या ओंडक्यातून झाला. मला घडवणारे वीरभद्रप्पा सुतार जन्मभर यंत्रमागांचे लाकडी भाग बनवत आले होते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका नेमबाजीच्या मैदानावर जुन्या बंदुकीचा दस्ता फुटला आणि ते काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी मला रंधा मारला, घासून गुळगुळीत केलं, जवसाचं तेल पाजलं आणि आपल्याच खांद्याला लावून पाहिलं. "बसतंय," एवढंच म्हणाले. तो माझा पहिला खांदा.

मैदानावर मला एक नियम भेटला आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो. बार उडण्याआधी सगळं स्तब्ध असतं. बार उडाला की छर्रे जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच संवेग घेऊन बंदूक मागे येते. छर्रे हलके, म्हणून ते सुसाट सुटतात. बंदूक जड, म्हणून ती बेताने सरकते. पण वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखाच. पुढचा आणि मागचा एकमेकांतून वजा केला की उरतं शून्य, म्हणजे आधी होतं तेवढंच. शाळेच्या पुस्तकात याला संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत म्हणतात. मी नुसता न्याय म्हणतो. बार हवालदाराने उडवो की पुढाऱ्याच्या भाच्याने, कुणालाही त्यातून सूट नाही. आहे की नाही कौतुकाची गोष्ट?

सुरुवातीची वर्षं माझी फार लाडात गेली. येणारा-जाणारा माझ्यावरून हात फिरवायचा. मग हळूहळू सगळ्यांना माझी सवय झाली. कुणी भिंतीला टेकवून ठेवलं, कुणी ओल्या कोपऱ्यात विसरलं. माझ्या पोटातून एक लांब बोल्ट जातो, तो मला बंदुकीशी बांधून ठेवतो. तो ढिला झाला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग प्रत्येक बाराला लोखंड माझ्यावर आपटू लागलं आणि मानेपाशी मला बारीक तडा गेला. मैदानाचे शिक्षक जोतीराम हवालदार, करकंबचे, सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या जागी बसवायला काळ्या प्लास्टिकचा नवा दस्ता आणून कपाटात ठेवला. तो पाहून मला किती वाईट वाटलं, ते मी लपवणार नाही.

अशा दिवसांत सिद्धेश्वरी आली. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालणारी, काटक बांध्याची. एका बँकेत बंदूकधारी रक्षकाची जागा निघाली होती आणि त्यासाठी तिला आमच्या मैदानाचं प्रमाणपत्र हवं होतं. तिची आई नीलम्मा त्याच कारखान्यात राबायची. तिथल्या तंतूंनी तिला दम्याचा खोकला जडला होता. लेकीला ही नोकरी लागली की आईचा कारखाना सुटणार होता.

पहिल्या दिवशी जोतीराम म्हणाले, "घट्ट धर, पोरी. लई घट्ट."

तिने धरलं. मुठी पांढऱ्या पडल्या. पण जिची भीती वाटते ती गोष्ट माणूस अंगाला लावून घेतो का? हात घट्ट होते आणि खांदा मागे चोरलेला होता. माझ्यात आणि खांद्यात दोन बोटांची फट राहिली. बार उडाला, मी त्या फटीतून मोकळा धावत आलो आणि तिच्या खांद्यावर आदळलो. खांदा काळानिळा झाला आणि छर्रे आभाळात गेले.

लेकीचा खांदा पाहून नीलम्माने काय करावं? कारखान्यातला जाडजूड टॉवेल घेतला, घड्यांवर घड्या घातल्या आणि सदऱ्याला आतून खांद्यापाशी टाचून दिला. हा उपाय सोलापूरच्या आईलाच सुचणार. पण ते गोल गाठोडं झालं. त्यावरून मी घसरलो, दंडावर गेलो आणि जाता जाता तिच्या गालावर मार दिला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला माझीच इतकी लाज वाटली की तो प्लास्टिकचा दस्ता आजच बसवा, असं मनात आलं.

"आता परीक्षेची एकच संधी मिळंल," जोतीराम हळू आवाजात म्हणाले. "न्हाय जमलं, तर माझ्या हातात काय न्हाय."

शेवटच्या परीक्षेला नीलम्मा सोबत आली आणि लिंबाखालच्या बाकावर बसली. सिद्धेश्वरी रिकामी बंदूक मांडीवर घेऊन तिच्याशेजारी टेकली. चाळा म्हणून तिने मला हलवलं. टक. पुन्हा हलवलं. टक. तिची मान वर झाली. मागांच्या खडखडाटात वाढलेले कान ते.

"अव्वा," तिने आईला विचारलं, "आपल्या कारखान्यातला दाराजवळचा माग आठवतो का गं?"

"तो नाचणारा?" नीलम्मा म्हणाली. "सूत नेणारा धोटा एकीकडं गेला की माग दुसरीकडं उडायचा. फरशी फोडली की त्यानं."

"आणि जमिनीत बोल्ट मारल्यावर?"

"मग गप बसला. जमीनच धरून बसली त्याला."

सिद्धेश्वरीने मला आणखी एकदा हलवून पाहिलं. मग उठून जोतीरामांकडे गेली. "सर, ह्याचा बोल्ट ढिला हाय. आवळून द्या. आणि सर, माझापण ढिलाच होता. ही बंदूक एकटी मागं येती म्हणून जोरात येती. माझ्या अंगाला बांधली, तर माझं वजनपण हिच्याच वजनात धरायचं. मग येऊन येऊन किती जोरात येईल?"

जोतीराम हसले. "आता समजलं बघ तुला. मी नुसतं घट्ट घट्ट म्हनत बसलो." त्यांनी माझी मागची पट्टी उघडली, बोल्ट आवळला, तड्यात सरस भरून दोऱ्याने बांधलं. सरस वाळेपर्यंत परीक्षा दुपारवर ढकलली. तोवर तिघांनी भाकरी खाल्ली.

दुपारी तिने टॉवेल काढून आईच्या हातात दिला. पाय रोवले, अंग किंचित पुढे झुकवलं आणि मला त्या काळ्यानिळ्या खांद्यावर घट्ट ओढून घेतलं. दुखलं असणार. पण तिने फट ठेवली नाही. इतक्या वर्षांत इतक्या विश्वासाने मला कुणी जवळ घेतलं नव्हतं.

बार उडाला. संवेग तेवढाच होता, मित्रांनो, नियमाने तसूभरही सूट दिली नाही. पण या वेळी मी एकटा नव्हतो. मी, लोखंड, तिचा खांदा, तिचं सगळं अंग मिळून एक झालो होतो. आम्ही सगळे थोडेसे मागे डुललो, एवढंच. छर्रे फलकाच्या मधोमध बसले. पुढचेही तिथेच.

नीलम्मा टॉवेल तोंडाला लावून रडत होती. सिद्धेश्वरीने माझ्या मानेवरच्या दोऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गप बसला बघ, अव्वा."

प्लास्टिकचा दस्ता अजून कपाटातच आहे. सिद्धेश्वरी आता बँकेच्या दारात उभी असते, तिथली बंदूक वेगळी. पण खंडेनवमीला ती इथे येते, मला हळदकुंकू लावते आणि आधी हलवून पाहते, टक वाजतं का.

तुमच्या घरातही एखादी जुनी गोष्ट टक वाजत असेल. तिला टाकून देण्याआधी एकदा बोल्ट आवळून पाहा. आणि धक्का येणारच असेल, तर खांदा चोरू नका. जवळ घ्या, मित्रांनो. फट ठेवली की लागतं.