पाटावरचा पाना

नाशिकजवळच्या गिरणारे गावच्या रस्त्यावर कोणाची गाडी बंद पडली की रंगनाथ आधी हसायचा, मग मदत करायचा. त्याच्या स्कूटरच्या डिकीत रेक्झिनची पिशवी कायम असे. पाना, पकड, जादा प्लग, क्लचची केबल, हात पुसायला चिंधी. गावातल्या केरूची लूना एकदा प्लगवाचून अडली, तेव्हा त्याने प्लग दिला आणि चहाच्या टपरीवर चारचौघांत सुनावलं, "बैलाला वेसण घालायची कळते, गाडीत प्लग ठेवायचा कळत नाय?" सगळे हसले. केरूही हसला, पण खाली बघून.

त्या वर्षी दसऱ्याला रंगनाथचा जावई ज्ञानेश आला होता. तो देवळाली कॅम्पात फौजेत होता आणि संध्याकाळच्या हजेरीला त्याला पोचायचं होतं. हजेरी चुकली तर पुढची सुट्टी जाणार, आणि पुढच्या महिन्यात रंगनाथच्या लेकीचं, शुभांगीचं, बाळंतपण. एसटीचा भरवसा नको म्हणून रंगनाथच त्याला स्कूटरवर घेऊन निघाला.

"आपल्या गाडीवर बसलं की पोचलंच समजा, जावईबापू."

गंगापूर गाव यायच्या आधीच मागचं चाक बसलं.

स्टेपनी होती, तिला सकाळी झेंडूची माळही घातली होती. चाकाचे नट खोलायला पाना मात्र नव्हता. पिशवीतली सगळी हत्यारं त्याने स्वतःच धुऊन, कुंकू लावून, कोयत्या-खुरप्याशेजारी पाटावर मांडली होती. पुजलेलं हत्यार दुसऱ्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, अशी घरची रीत. निघताना बायको नवसाबाई म्हणाली होती, "एवढा पाना तरी घ्या, देव रागवायचा नाय." तो तिच्यावर खेकसला होता. तरीही त्याने आता डिकी उघडून पाहिली. आत फराळाचा डबा होता.

नाशकात झेंडू विकून केरू रिकाम्या पाट्या घेऊन परत येत होता. त्याने लूना थांबवली.

"काय झालं, तात्या?"

"काय नाय. जावईबापूंना धरण दाखवतोय."

केरूने मान हलवली आणि गेला. ज्ञानेश सासऱ्याकडे बघतच राहिला.

"मामा," तो हळूच म्हणाला, "सुट्टी माझी जाईल."

रंगनाथचे कान तापले. केरूला थांबवायला त्याने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. लूनाचा आवाज लांब गेला, थांबला, आणि पुन्हा जवळ आला.

"धरण त्या अंगाला हाय, तात्या," केरू म्हणाला. त्याने लूनाला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यातून पाना काढला. त्यावर ताजं कुंकू होतं.

"पुजलेला हलवलास?" रंगनाथच्या तोंडून गेलं.

"गाडीवरच पुजला. पूजेला डब्याबाहेर काढलाच नाय. तुमीच म्हणला व्हता ना, गाडीत ठेवत जा."

केरू आणि ज्ञानेशने चाक बदललं. रंगनाथ माळ धरून उभा राहिला.

ज्ञानेश वेळेत पोचला. उतरून पाया पडला आणि गेटकडे चालू लागला.

परत येताना टपरीवर माणसं बसली होती. केरूही होता. "पोचवलं का जावयाला?" कोणीतरी विचारलं. "वाटेत काय तरास?"

रंगनाथने केरूकडे पाहिलं. केरू कपात बघत होता. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं.

"नाय," रंगनाथ म्हणाला.

केरू उठला, खिशातली आपट्याची पानं काढली आणि वडीलधाऱ्याला द्यावं तसं सोनं त्याच्यापुढे धरलं. बोटं अजून ग्रीसने काळी होती. सोनं घेताना रंगनाथला आपले स्वच्छ हात कुठे लपवावेत ते कळेना. केरू पाया पडायला वाकला, तसा तो दोन पावलं मागे सरकला.