बंकटच्या घड्याळातली खूण

बंकट मेंढके गेला, आणि त्याच्या तेराव्याच्या पंगतीत बसून धर्मराजनं काय बोलावं? "आता तरी आमच्या बापाचं घड्याळ परत द्या की!" वर हसला मेला. बुंदी मात्र दोनदा मागून खाल्ली.

रतनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्याला खोटं पाडणार कशाच्या जोरावर? खरं सांगायचं तर घड्याळ कुणाचं हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मुकादमाचं, म्हणजे धर्मराजच्या बापाचं, घड्याळ हरवलं आणि बंकटच्या मनगटावर तसलंच दिसलं. झालं! मेंढरं राखणाऱ्याकडं विलायती घड्याळ येतंय कुठून? गावानं चोर ठरवून टाकला. रतनबाईच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं; त्यातही तो कळपामागं रानोमाळ, ते घड्याळ तिनंही आधी बघितलं नव्हतं. बंकटनं त्या दिवशी घड्याळ काढून घोंगडीच्या कोपऱ्यात बांधलं, ते पुन्हा मनगटावर चढवलं नाही. एवढंच म्हणाला, "ज्याला इचारायचंय त्यानं इचारावं. नुसतं चोर म्हणणाऱ्याला मी कशाला दाखवू?"

कुणी विचारलं नाही. रतनबाईनंही नाही. उत्तर भलतंच निघालं असतं तर? त्याच माणसाच्या ताटात जन्मभर भाकरी वाढायची होती.

तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी ती घड्याळ घेऊन नातीच्या स्कूटीवर मागं बसली आणि बीड गाठलं.

"आज्जी, असल्या घड्याळाला मोबाईलवर लाख लाख सांगत्यात," नात ऋतुजा म्हणाली.

"किंमत घाल चुलीत. ते कुणाचं हाय तेवढं कळू दे."

गुंडप्पा घड्याळजी तिसऱ्या पिढीचा माणूस. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उलटंपालटं केलं, कानाशी नेलं. "फेवर-ल्युबा. स्वित्झर्लंडचं, साठ-पासष्टच्या सुमाराचं. सोनं न्हाई, मुलामा हाय. पण काटे मूळचे, तबकडी मूळची, कुणी रंग फासलेला न्हाई. शौकीन गिऱ्हाईक असलं तर सात-आठ हजार देईल."

ऋतुजाचं तोंड एवढंसं झालं. रतनबाई मात्र जागची हलली नाही. "आतून बघा की," म्हणाली.

गुंडप्पानं पाठीचं झाकण उघडलं आणि एकदम ताठ बसला. "अरे! हा तर आमच्या बापूचा हात! आमी घड्याळ उघडलं की झाकणाला आतून सुईनं तारीख कोरतो, म्हंजे पुढच्या खेपेला कळतं. हे बघा, बापूचा, म्हंजे बसप्पाचा 'ब'. मार्च एकोणसत्तर." मग कपाळाला आठी पडली. "पण शेजारी हे काय काढलंय? पिंपळाचं पान? तेबी कुरतडलेलं? सुई बापूचीच, पण आपल्या मनानं तो असली चित्रं काढीत न्हवता."

"आना इकडं." रतनबाईनं भिंग डोळ्याला लावलं. आधी नुसतं धुकं दिसलं, मग ते ठळक झालं, आणि ती ओरडलीच.

"पान न्हाई ओ हे. कान हाय! मेंढराचा कान!"

शेंडा छाटलेला आणि एका कडेला दोन खाचा. कळपात कळप मिसळले की कुणाचं मेंढरू कुणाचं हे कानावरूनच ठरतं. प्रत्येक घराची कापायची रीत वेगळी. शेंडा आणि दोन खाचा, ही बंकटच्या घरची. कोकरू घरचं झालं की त्याचा कान कापायचा. या माणसानं बसप्पाकडून कान काढून घेऊन घड्याळालाही तसंच घरात घेतलं होतं!

"ऋते, एकोणसत्तर म्हंजे दुष्काळाच्या आधी का गं?"

"तीन वर्षं आधी, आज्जी."

रतनबाई तिथंच दुकानात ढसाढसा रडली, आणि रडता रडता हसलीही. काय ताठा म्हणावा या माणसाचा! पुरावा उशाला घेऊन पन्नास वर्षं झोपला, पण न विचारता दाखवला नाही. आणि आपण येड्यावानी गप्प बसलो. लाज वाटली तिला, पण त्या लाजेच्या वरताण अभिमान. छाती फुटेल की काय इतका.

गुंडप्पानं दुपारभर बसून घड्याळ साफ केलं, चावी दिली, पट्टा घातला. ऋतुजानं झाकणाचा फोटो काढून घेतला.

परतल्यावर रतनबाई घरी गेलीच नाही, तडक पारावर गेली. चार माणसांत धर्मराज बसला होता. तिनं मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला.

"ह्यो कान वळखतोस का?"

धर्मराजनं मान लांबवून बघितलं. "बंकटकाकाच्या मेंढराचा हाय की. न वळखायला काय झालं?"

"कसा वळखशील न्हाई! ह्याच खाचा बघून तू माझी मेंढरं दोनदा कोंडवाड्यात घातलीस. आता शेजारचं साल वाच. मोठ्यानं वाच."

धर्मराजनं वाचलं. दुसऱ्यांदा मनातल्या मनात वाचलं. पारावरचे बाकीचेही मोबाईलवर वाकले.

"आता इचार," रतनबाई म्हणाली.

"काय इचारू, काकू?"

"जे पन्नास वर्षांत तुमी कुनी इचारलं न्हाई, ते."

धर्मराजची मान खाली गेली. "काकू, हे घड्याळ कुणाचं हाय?"

रतनबाईनं मनगटावरचा पदर मागं सारला आणि हातातलं घड्याळ पुढं केलं.

"माझ्या मालकाचं."