चघळले तरी निर्धोक

न्युर्नबर्गजवळच्या ज्या कारखान्यात रोस्विटा झाइड्लर एकोणीस वर्षे खोडरबर तपासत होत्या, त्या कारखान्याने त्यांना एका वाक्यापायी घरी बसवले. स्ट्रॉबेरीच्या वासाच्या खोडरबरात प्लास्टिक मऊ ठेवणारे, मुलांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करणारे रसायन मर्यादेच्या कितीतरी पट आहे, हे त्यांच्या तपासणी अहवालातले ते वाक्य. संचालक एहरेन्सबर्गर यांनी त्याखाली स्वहस्ते शेरा मारला होता: 'चघळले तरी निर्धोक.' एवढा निर्लज्जपणा तीन शब्दांत बसवणे भल्याभल्या भाष्यकारांना साधलेले नाही. लोक कुत्री पाळतात. बाईंनी तीन वर्षे तो शेरा पाळला.

सप्टेंबरात गावच्या शाळेत पहिलीचा प्रवेशसोहळा होता. खाऊने भरलेले, आपल्याहून उंच भासणारे कागदी शंकू कवटाळून पोरे रांगेत उभी होती आणि संचालक शेजारच्या खोक्यातले तेच स्ट्रॉबेरीच्या वासाचे गुलाबी खोडरबर प्रत्येक शंकूत भेट म्हणून टाकत होते. रांगेत त्यांची नात लिओबाही होती.

"काय बाई, गेला की नाही राग?" संचालकांनी गर्दीतून पुढे आलेल्या बाईंना, पालकांना ऐकू जाईल अशा बेताने विचारले.

"राग कसला, साहेब? शंका आहे. हा शेरा तुमचाच ना?" बाईंनी पर्समधून जपून ठेवलेला अहवालाचा कागद काढून तो शेरा मोठ्याने वाचला. "मग चघळून दाखवा."

"बघा हो! एवढी शिकलेली बाई, आणि सूड घ्यायला इतकी भाबडी!"

हशा पिकला. संचालकांनी खोडरबर तोंडात टाकून गाल फुगवून दाखवला. टाळ्या पडल्या. बाईंची तीन वर्षांची प्रतीक्षा एका विनोदात संपत होती.

"आजोबा, मी पण!" लिओबाने आपला खोडरबर तोंडात घातला.

संचालकांचा हात विचाराआधी धावला. "थुंक! आधी थुंक! घरी कितीदा सांगितलंय, या रबरांना तोंड लावायचं नाही म्हणून!"

गालातल्या रबरामुळे शब्द बोबडे आले, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचले.

एका आईने शंकू उलटा केला. मग दुसरीने. चॉकलेटांतून वेचलेले गुलाबी तुकडे संचालकांच्या बुटांपाशी पडू लागले. पोरगी हमसून रडत होती. बाईंना तिची दया आली, थांबण्याइतकी नाही.

संचालकांनी खिशातून रुमाल काढून तोंडाशी नेला.

"छे, छे, साहेब!" बाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि मनगटावरचे घड्याळ त्यांनी खोडरबरांच्या खोक्यावर ठेवले. "शाळेचा तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो. त्रेचाळीस उरलीत. चघळा."