बटणाचं उद्घाटन

“हात लावू नका त्याला!” मोहनराव साहेब ओरडले, तेव्हा माझं बोट माऊसवर होतं. “भगवानराव आल्याबिगर बटन दाबायचं न्हाई, सांगितलं ना बाई तुमाला?”

बटण मीच केलेलं. कचेरीत मी कंत्राटी ऑपरेटर, गावोगावच्या टँकरच्या मागण्या माझ्याकडे. कागदी अर्ज गहाळ व्हायचे, लोक हेलपाटे घालून मरायचे. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी एक्सेलच्या शीटवर एक हिरवं बटण बसवलं. ते दाबलं की छोटासा फॉर्म उघडायचा: गाव, माणसं, जनावरं. भरला की टँकरची चिठ्ठी प्रिंटरमधून बाहेर. आता एवढ्याशा बटणाचं कसलं डोंबलाचं उद्घाटन? पण साहेबांना पुढाऱ्याबरोबर फोटो पाहिजे होता. त्यासाठी सकाळपासून हातानं चिठ्ठ्या देणं बंद.

दारात बायडाबाई बसल्या होत्या. डोंगरातल्या धनगरवस्तीवरून पायी आलेल्या. वस्तीची विहीर आटली होती.

“माय, कवा दाबायचं गं ते? लेकरं डबक्यातलं पानी प्यायलीत. नातवाला हगवन लागलीय, मान धरंना.”

“दाबते मावशी. जरा दम धरा.”

माझं माहेर घाटनांदूरचं, तिथंही पाण्याची बोंबच. डोक्यावरून हंडे मीही वाहिलेत. पण खुर्चीत बसून त्या बाईला दम धरायला सांगितलं मी. शी!

दुपारी भगवानराव आले. मागे गाड्या, गाड्यांमागे कार्यकर्ते. लॅपटॉपला हार घातला, माऊसला हळदकुंकू लावलं, स्क्रीनवर आडवी लाल फीत चिकटवली. टेबलावर थंडगार बाटल्यांचे खोके आणि पेढे. साहेबांनी नारळ उचलला.

“साहेब, बाहेर फोडा. पाणी आत जाईल.”

“चांगल्या कामात आडवं येऊ नका बाई.”

आणि फोडला की टेबलाच्या कडेवर! पाणी सरळ कीबोर्डात. स्क्रीन काळी ठिक्कर पडली. मग एक कार्यकर्ता म्हणाला, “फोटूत काय कळतंय बे? दाबू द्या दादांला.”

भगवानरावांनी फीत कापली आणि मेलेल्या लॅपटॉपवर क्लिक केलं. टाळ्या वाजल्या. पेढे खाऊन चिकट झालेले हात मंडळींनी बाटल्यांच्या पाण्यानं खिडकीतून बाहेर धुतले. खळाखळा.

टाळ्या ऐकून बायडाबाई लगबगीनं आत आल्या. तोंडभरून हसत होत्या.

“झालं न्हवं माय? दाबलं न्हवं त्यांनी? सुटला का टँकर?”

साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “लॅपटॉप दुरुस्तीला जाईल. परवा या म्हनावं.”

परवा! मी ड्रॉवरमधलं जुनं चिठ्ठीबुक काढलं. साहेब भगवानरावांना गाडीपर्यंत पोचवायला गेले होते. मी वस्तीचं नाव लिहिलं, सही केली आणि बायडाबाईंना घेऊन टँकरपाशी गेले. ड्रायव्हर आसारामनं चिठ्ठी उलटसुलट केली.

“बाई, सायबाची सही कुठं हाय?”

“माझी हाय.”

“तुमची कावून? नोकरी जाईल ना!”

“माझी जाईल, तुझी न्हाई. मावशीला केबिनमधे बसव अन् नीघ.”

त्यानं एकदा बायडाबाईंकडे बघितलं आणि गाडी चालू केली.

अधिकार नसताना सही केली म्हणून आठवड्यात मला कामावरून कमी केलं. शेवटच्या दिवशी माझ्या खुर्चीत नवी मुलगी, योगिता, बसली होती. लॅपटॉप दुरुस्त होऊन आला होता. पेनड्राइव्हवर राखून ठेवलेली फाइल मीच त्यात घालून दिली. उद्घाटनाचा फोटो भिंतीवर लागला होता.

“वनमालाबाई,” साहेब गोड आवाजात म्हणाले, “तेवढं बटनाचं हिला शिकवून जावा बरं का.”

काय निर्लज्ज माणूस! वाटलं, थुंकावं आणि चालू लागावं. पण व्हरांड्यात दोन वाड्यांची माणसं उन्हाची येऊन बसली होती. मी उभ्यानंच योगिताला शीट उघडून दिली, बटण दाखवलं. ती घाबरत साहेबांकडे बघू लागली.

“तिकडं कुठं बघतीस?” मी म्हटलं. “दाब. कुनाचीच वाट बघू नकोस.”