अर्धं वाक्य

यूनुसने गाळणीतून चहा ओतायला घेतला आणि बाहेरच्या खोलीतून जास्मीनचा आवाज आला. एकच शब्द, पण स्वच्छ.

"हँड."

कप भरला, बशी भरली, चहा ओट्यावर सांडला, तरी त्याला पातेलं सरळ करायचं सुचलं नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून या घरात, दुआ सोडली तर, जास्मीनचा शब्द असा उरलाच नव्हता. नुसते सूर होते. पाणी हवं असलं की एक, कूस बदलायची असली की दुसरा, आणि समजून घेणाऱ्याला ते नीट समजले नाहीत की तिसरा, रागाचा. आज शब्द आला, आणि तो नेमका यूनुस आत असताना, परक्या माणसापुढे.

"वा, मॅडम," अविनाश सर म्हणत होते. "पुन्हा घेऊ या. सेकंड..."

"हँड."

"ऑन दि अदर..."

"हँड."

यूनुसने ओटा पुसला, कप दुसऱ्या बशीत ठेवला आणि ट्रे घेऊन बाहेर आला. जास्मीन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. लुळा पडलेला उजवा हात मांडीवरच्या उशीवर होता, ओठ एका बाजूला ओढलेले होते, आणि तशाही ओठांनी ती हसत होती. डोळे भरून आले होते. सरांचेही.

"माशाल्लाह," यूनुस म्हणाला आणि त्यानेही हसून चहा पुढे केला. आनंद त्याला झालाच होता, त्यात काही खोट नव्हती. पण सर गेल्यावर कप विसळताना त्याच्या लक्षात आलं, की आपण सरांचा कप जरा जास्तच जोराने घासतो आहोत.

सरांना घरी आणलं ते त्याच्या मुलीने, जिक्राने. ती लग्न होऊन पुण्याला असते. उपचार सुरू झाले तेव्हा नवीन पनवेलच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं, की हिला सगळं कळतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. अशा वेळी जे शब्द वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बोलले गेलेत ते आधी परत येतात. अर्धं तुम्ही म्हणा, अर्धं तिला म्हणू द्या. जिक्राला लगेच शाळेतला खेळ आठवला. जास्मीन आणि अविनाश सर एकाच शाळेत इंग्रजी शिकवायचे. दहावीच्या दोन्ही तुकड्या एकत्र बसवून दोघं मिळून शरीराच्या एकेका अवयवाचा शब्द घ्यायचे, कधी हेड, कधी आय, कधी फूट. त्या एका शब्दाचे किती अर्थ, तो कुणाकुणाच्या शेजारी बसला की काय होतो, हे सगळं खेळातून. एकाने अर्धं म्हणायचं, दुसऱ्याने पुरं करायचं, मग सगळ्या वर्गाने. 'हँड'चा तास सगळ्यांत मोठा चालायचा म्हणे. जिक्रा स्वतः त्या वर्गात बसलेली होती. तिने सरांना फोन केला, आणि सर मंगळवारी अन् शुक्रवारी कामोठ्याहून यायला लागले.

यूनुसने हा खेळ पाहिला नव्हता. त्या सगळ्या काळात तो कुवेतला होता, बंदरावर क्रेन चालवत. दोन वर्षांतून एकदा सुट्टी, ती पाहुणे, लग्नं आणि घराची डागडुजी यांत सरायची. बाकी दर शुक्रवारचा फोन. फोनवर जास्मीन शाळेचं सांगायची, आणि त्यात अविनाश सर असायचेच. सर असं म्हणाले, सरांनी तसं केलं, सरांची बायको गेली, सर आता डबा स्वतः करतात. तो 'हां, हां' करायचा. तेव्हा काही वाटलं नव्हतं. निदान तसं त्याला आता वाटत होतं.

थेरपिस्ट बाईंनी त्यालाही विचारलं होतं, "तुमची दोघांची रोजची वाक्यं कुठली? तोंडात बसलेली?"

यूनुस बराच वेळ आठवत राहिला होता. शेवटी म्हणाला, "आमी फोनवर बोलायचो."

बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. पण घरी येईपर्यंत, रिक्षात, तो आठवतच राहिला. 'पैसे मिळाले का?' हे एक वाक्य होतं. 'जिक्रा झोपली का?' हे एक. दोन्ही त्याची, आणि दोन्हींचं उत्तर 'हो'. तरी त्याने ती तिच्यासमोर म्हणून पाहिली. ती नुसती बघत राहिली. एक मात्र व्हायचं. त्याने 'अल्हम्दु' म्हटलं की ती कुराणातली ती पुढची सगळी सूरह एका दमात म्हणायची, न अडखळता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो रडला होता. मग त्याचंही रोजचं झालं. ते बोलणं ती अल्लाहशी करत होती. यूनुसशी नाही.

तिचं सगळं तोच करत होता. आंघोळ, कपडे, लुळ्या हाताला तेल लावून एकेक बोट मोकळं करणं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यात एक काम वाढलं. सर येणार असले की ती डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवायची. पोपटी ओढणी हवी. मग कंगवा. यूनुस तिच्या मागे उभा राहून वेणी घालायचा. क्रेनचे दांडे हलवलेली त्याची बोटं आता केसांत सरावली होती. एकदा वेणी सैल झाली तर तिने मान झटकून ती सोडायला लावली. त्याने पुन्हा घातली. नीट घातली. दुसरा कुणी येणार म्हणून आपण आपल्या बायकोची वेणी घालतो आहोत, हे त्याने मनात शब्दांत येऊ दिलं नाही, पण पेड जरा आवळला गेला आणि ती 'स्स' करून कळवळली.

लाईन आळीतल्या दुकानात जाऊन त्याने इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतला. दुकानदाराने विचारलं नसतानाही त्याने सांगून टाकलं, की नातवासाठी हवाय. तो त्याने स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे ठेवला. 'हँड' शोधायला बराच वेळ लागला, आणि सापडल्यावर तो हबकला. एवढ्याशा शब्दाला पानं पुरली नव्हती. हात, पंजा, घड्याळाचा काटा, पत्त्यांचा डाव, अक्षराचं वळण, मदत. आणि मध्येच कुठेतरी, मजूर, कामगार. तिथे त्याचं बोट थांबलं. हा अर्थ त्याला पाठ होता. कुवेतला पहिली काही वर्षं तो हेल्परच होता. फोरमन सकाळी यायचा आणि सांगायचा, आज सिक्स हँड्स पाहिजेत, आणि सहाजण उचलले जायचे. म्हणजे त्याची बायको इकडे मुलांना 'हँड'चे अर्थ सांगत होती तेव्हा तो तिकडे त्यातला एक होऊन बसला होता. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने. कुणी विचारलं नव्हतं.

मग तो सर आले की कोश ओट्यावर उघडून ठेवायचा आणि बाहेरचं कान देऊन ऐकायचा. आउट ऑफ हँड: हाताबाहेर. रेड हँडेड: रंगेहाथ. त्याला मौजही वाटायची, इंग्रजांनाही हाताशिवाय काही सुचत नाही म्हणून. एका शुक्रवारी सर म्हणाले, "ही आस्क्ड फॉर हर..."

"हँड," जास्मीन म्हणाली, आणि दोघं हसली.

यूनुसला तो अर्थ सापडेना. पान उलटलं, परत आला. मग सापडला. लग्नासाठी मागणी घालणे.

त्याने कोश मिटला. जास्मीनला मागणी घातली होती ती त्याच्या आईने, हव्वाबीने, उरणला जाऊन, दोन बायका बरोबर घेऊन. जास्मीनच्या वडिलांची अट होती, मुलगी बी. एड. पुरं करणार आणि नोकरी करणार. यूनुसने होकार दिला होता. त्याच्या भावांनी तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं. इतक्या सगळ्या अर्थांत सरांना हेच वाक्य घ्यावंसं का वाटलं? आणि त्यात हसण्यासारखं काय होतं?

त्या दिवशी चहात साखर पडली नाही. सर काही न बोलता प्यायले.

रविवारी, घरात दोघंच असताना, यूनुस सर बसतात त्या खुर्चीत बसला. घसा साफ केला. शेवटी बोलायचंच झालं तर पाठ केलेलं तरी बोलावं, असं त्याने ठरवलं होतं.

"सेकंड..." तो म्हणाला.

जास्मीनने त्याच्याकडे पाहिलं.

"ऑन दि अदर..."

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्याच्या खांद्यावरून दाराकडे. कुणी यायचं राहिलंय का, अशी. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं ते जरा कीव आल्यासारखं. तो उठला आणि गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढत बसला.

सोमवारी त्याने सरांना फोन केला. थेरपिस्ट म्हणतात मेंदूला थोडा आराम द्या, त्यामुळे काही दिवस नको.  सर म्हणाले, बरं, काही लागलं तर कळवा. जास्मीनला यूनुसने सांगितलं, की सर मुलाकडे गेलेत, नाशिकला.

त्या मंगळवारी तिने ओढणीकडे बोट दाखवलं नाही. शुक्रवारीही नाही. यूनुसने मनापासून प्रयत्न केले. तिच्या समोर बसून भाज्यांची नावं घेतली, जिक्राच्या लहानपणच्या गोष्टी अर्ध्यावर सोडून पाहिल्या. ती ओठ मिटून बसायची. थेरपिस्ट बाईंकडे नेलं तर तिथेही तसंच. हळूहळू सूरसुद्धा कमी झाले. त्याने 'अल्हम्दु' म्हटलं की नुसते तिचे ओठ हलायचे, आवाज नाही. जिक्राने व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा पाहिला आणि विचारलं, की अम्मी मागे गेली का? सर काय म्हणतात? यूनुस म्हणाला, की असं खालीवर होतंच, डॉक्टरांनी सांगितलंय. आता खोटं दोघींना सांगावं लागत होतं, आणि ते लक्षात ठेवणं हेही एक कामच होऊन बसलं.

त्याला वाटलं होतं, सर यायचे थांबले की मनातलं खुपणं थांबेल. ते थांबलं नाही. उलट आता मंगळवारी दुपार झाली की दोघं त्या रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना बसायची आणि खुर्ची जास्तच भरलेली वाटायची.

असेच काही आठवडे गेले. मग एका मंगळवारी सकाळी जास्मीनने कपाटाकडे बोट केलं. पोपटी ओढणी. मग कंगवा.

यूनुस तिच्या मागे उभा राहिला. केस सोडवता सोडवता म्हणाला, "अगं, सर अजून नाशिकलाच आहेत. परवाच फोन होता त्यांचा. तुला सलाम सांगितलाय. नातवंडांत रमलेत, म्हणाले, आता काय लवकर येत नाही..."

तो आणखीही बोलला असता. ते बरं जमलं होतं. पण जास्मीनने डावा हात मागे नेऊन त्याचं मनगट पकडलं. घट्ट. ओढून त्याला समोर आणलं. तिचा जबडा हलत होता, गळ्याची शीर ताठ झाली होती. एक सूर आला, मोडला. पुन्हा आला. ती डोळे मिटून कुठेतरी आत, अंधारात चाचपत असल्यासारखी दिसत होती, आणि यूनुसला वाटलं आता हिला दुसरा झटका येतोय.

"खो," ती म्हणाली.

"पाणी हवंय?"

तिने जोराने मान हलवली.

"खो... टं."

यूनुसच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वर्गात पकडलेल्या मुलासारखा तो कंगवा हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. मान खाली गेली. आणि मान खाली असतानाच त्याला दुसरी गोष्ट उमगली, तसा तो सावकाश गुडघ्यांवर बसला.

या शब्दाचं पहिलं अर्धं तिला कुणी दिलं नव्हतं. तो कुठल्या खेळातला नव्हता, कुठल्या दुआतला नव्हता. तिने तो एकटीने शोधून काढला होता आणि उचलून त्याच्यासमोर ठेवला होता.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"खोटं," जास्मीन म्हणाली. या वेळी अडखळली नाही. डोळ्यांत राग होता, चांगला धगधगीत.

"अजून एकदा म्हण."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस खुळा आहे की काय. मग कंगव्याकडे बोट दाखवलं. त्याने तिची वेणी पुरी केली, ओढणी सारखी केली, आणि शेजारच्या सोनाबाईंना थोडा वेळ येऊन बसायला सांगून तो खाली उतरला.

कामोठ्याला सरांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर कुणाचा तरी क्लास होता, जिन्यात चपलांचा ढीग पडला होता. वर सरांनीच दार उघडलं. यूनुस उंबऱ्याबाहेरच थांबला.

"थेरपिस्ट बाई काही बोलल्या नव्हत्या, सर. ते माझंच होतं."

"मला कल्पना होती," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. "मी तुमच्या जागी असतो तर आधीच केलं असतं."

यूनुसने त्यांच्याकडे पाहिलं. सर चप्पल शोधत वाकले होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

रिक्षात दोघं जरा अंतर ठेवून बसले. हायवेला लागल्यावर सरांनी विचारलं, "मधल्या काळात मॅडम काही बोलल्या का?"

"बोलली. आज सकाळी. मराठीत."

"खरंच? स्वतःहून?"

"स्वतःहून. माझ्याशी."

"काय म्हणाल्या?"

सर त्याच्याकडे वळून, उरलेल्या शब्दाची वाट बघत राहिले. यूनुसने पुढे वाकून रिक्षावाल्याला सांगितलं, की पुलाखालून डावीकडे घे, तिकडून गर्दी कमी असते. मग मागे टेकून बसला आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिला.