गंजाचे ठसे

“बघा हे! डोळे उघडून बघा जरा!”

सदाशिव सुपरवायझरने परत आलेल्या खोक्यातली बेअरिंगची कडी टेबलावर ओतली. चकचकीत पोलादावर तांबूस डाग पडले होते. डाग कसले, बोटांचे ठसेच ते, रेषारेषांसकट उमटलेले.

“घामाच्या हातानं माल धरला की असा गंजतो. कुणाचा हात हा?”

चाकणच्या त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर दोघंच असत. नवनाथ कडी तपासायचा. दिवाळीनंतर ठेकेदारामार्फत आलेली कस्तुरा ती तेलकागदात गुंडाळायची. सदाशिवने जुन्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कस्तुरा, हातमोजे घालतेस ना?”

“घालते की साहेब. रोज घालते.”

“मग हे काय आभाळातून पडलं? उद्यापासून लोडिंगला जा.”

तिने आशेने नवनाथकडे पाहिलं. नवनाथने दोन्ही हात खिशात घातले.

ते हात त्याला जन्मभर लपवावे लागले होते. दहावीच्या पेपरात शाई फुटायची. लग्नात विजयश्रीचा हात हातात दिला, तेव्हा तिने तो सोडवून हळूच शालूला पुसला होता. पुढे तिने कधी तसं केलं नाही, पण त्याच्या मनातून ते गेलं नाही. निगडीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, “तळहातावर केस उगवत नाहीत, पण घामाच्या ग्रंथी तिथंच सगळ्यात दाट. तुमच्या जरा जास्तच काम करतात. आणि हा घाम उकाड्यापेक्षा भीतीनं जास्त सुटतो. लाजायचं काय त्यात?”

लाजायचं काय, हे डॉक्टरांना कोरड्या हातांनी विचारता येत होतं.

दुपार व्हायच्या आत त्याचा हातमोजा ओलाचिंब व्हायचा, कडी निसटायची. मग कुणी बघत नसलं की तो उजवा मोजा काढून ठेवायचा. हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये कस्तुरा पुढच्या सीटवर बसली. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. थेरगावला उतरेपर्यंत नवनाथ खिडकीबाहेर बघत राहिला. घरी जेवताना विजयश्रीने विचारलं, “बरं नाही का?” तो म्हणाला, “कुठं काय.” त्याने ताट तसंच सरकवलं.

सकाळी पाळी सुरू होताना तो सदाशिवसमोर उभा राहिला. आजूबाजूला चारजण होते. ते निघून जातील म्हणून तो जरा थांबला, पण कुणी हललं नाही.

“साहेब, ते ठसे कस्तुराचे नाहीत. माझे आहेत.”

“तुमचे? काहीतरीच काय, नवनाथराव!”

बोलून पटेना, तेव्हा त्याने मोजा काढला आणि पुसून लख्ख केलेल्या टेबलावर तळहात टेकवला. उचलला, तर खाली अख्खा पंजा ओला उमटला होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

सदाशिवने त्या पंज्याकडे पाहिलं. मग त्याने शेजारचं फडकं उचलून पुढे केलं. “पुसा ते,” तो हळू आवाजात म्हणाला. “आणि लोडिंगला तुम्ही जा. तिला पाठवून द्या इकडं.”

नवनाथने टेबल पुसलं.

लोडिंगच्या दाराशी कस्तुरा खोकी रचत होती. बातमी त्याच्याआधी तिथे पोचली होती.

“तुला परत टेबलावर बोलावलंय,” तो म्हणाला.

तिने पदराने कपाळ टिपलं. “दादा, माझं काय न्हाई. लोडिंग तर लोडिंग. पण रात्रभर मी माझेच हात हुंगत बसले व्हते. पोराला भाकरी द्यायची लाज वाटली मला. म्हणलं, असंल काही आपल्याच हाताला घाण.”

त्याला म्हणायचं होतं, घाण नसते गं ती, कुणाच्याच हाताला नसते. पण काल गप्प बसलेल्या तोंडाला ते शोभलं नसतं.

“जा,” तो म्हणाला. “उशीर होईल.”

ती गेली. नवनाथने पहिलं खोकं उचलून गाडीत ठेवलं. जिथे धरलं होतं, तिथे पुठ्ठ्यावर बोटांचे ओले डाग काळपट उमटले. त्यावर इथे कुणाची हरकत नव्हती. ते वाळायच्या आतच त्यापुढे दुसरं खोकं आलं.