अकराची सुनावणी

मावशी पहाटे गेली आणि पालिकेत सुनावणी होती अकराला. माणसानं मरताना थोडी तरी सोय बघावी. बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह पाडून तिथे गाळे काढायचा घाट होता आणि त्याला हरकत एकट्या मावशीची. सुनावणीला ती स्वतः किंवा बाजारातली कोणी बाई हजर नसली की हरकत निकाली; भाचीची हजेरी चालत नव्हती. ती गेल्याचं समजल्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते हेच.

लोकांच्या मावश्या भाच्यांना बागेत नेत, माझी मला पालिकेत न्यायची. बंद दिवे, तुंबलेली गटारं, कशासाठी तरी ती तिथे ठाण मांडून बसलेली. तिथली माणसं तिला पाठीमागे 'स्मरणपत्र' म्हणत. हे तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते आवडायचंही. साहेब बाहेर गेलेत म्हटलं की ती म्हणे, येतील की. मी शेजारी बसून पाय हलवत राही आणि मनातल्या मनात तिच्यावर चिडत राही.

मामानं आल्या आल्या सगळं हातात घेतलं. स्मशानात न्यायची गाडी बाराला येणार, असं ठरवूनही टाकलं. उशिरा बोलव म्हटलं, तर गाडीवाल्याला आणखी एक काम होतं. मी चपला अडकवल्या आणि सुटले.

बाजारात लिंबूवालीला गाठून सांगितलं, मावशी गेली, आता तिच्या जागी तुम्ही सगळ्या पालिकेत या. सांगून तशीच पालिकेत पळाले. शिपायानं विचारलं, आज मावशी कुठे? येतायत, मी म्हणाले. कोण ते सांगितलं नाही. अकरा वाजत आले तरी बाजारातलं चिटपाखरू फिरकेना. मामाला फोन लावला, तर तो म्हणाला, घरात पाय ठेवायला जागा नाही, अख्खा बाजार दुकानं बंद करून इथे रडत बसलाय.

माझं डोकंच फिरलं. लिंबूवालीनं मावशी गेली एवढंच ऐकलं होतं. मी तिला मामाच्याच फोनवर बोलावलं.

"मावशीजवळ बसून काय होणार? उठा आणि इकडे या."

"त्यांना एकटं टाकून?"

"हो, एकटं टाकून. रागावलीच तर तुम्ही तिथे बसून राहिलात म्हणून रागावेल."

साहेब गैरहजेरीचा शेरा मारायला लागले तेवढ्यात धापा टाकत बायका आत शिरल्या. बोलायला कोणी पुढे होईना. शेवटी लिंबूवालीच बोलली, तीही साहेबांकडे न बघता.

"हे बांधलं नव्हतं तेव्हा मी दुकानावर पाणीच प्यायची नाही. उन्हात दिवसभर लिंबं विकायची आणि स्वतः घोटभर पाणी नाही. आता पिते. तुम्ही पाडलंत तर पुन्हा बंद करीन, दुसरं काय करणार?"

साहेबांनी अर्धवट लिहिलेला शेरा खोडला. मग म्हणाले, नाही पाडत. बायका उठल्या, मी नाही उठले. निर्णयाची सहीशिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हे मावशीनं मला अक्षरांच्या आधी शिकवलं होतं. तोंडी शब्द दुसऱ्या दिवशी फिरतो, हे ती फार सोसून शिकली होती. बायकांना मी घरी पाठवलं आणि बसून राहिले. टंकलेखक जागेवर नव्हता. मामाचा फोन आला.

"गाडी आलीये. निघतेस ना?"

"प्रत मिळायचीय अजून."

"अगं, तिचं तोंड तरी बघून जा."

 मी एकदा उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. मामाला म्हटलं, न्या तिला.

प्रत मिळाली तेव्हा दोन वाजून गेले होते. धावत घरी आले. खोली रिकामी, फरशी धुतलेली. शेजारीण चहा घेऊन आली, म्हणाली, थांबायला हवं होतं त्यांनी तुझ्यासाठी. मी तिच्यापुढे कागद धरला, तिनं तो वाचला आणि छान झालं म्हणाली. मला तिचा इतका राग आला. हे सगळ्यात आधी मावशीला सांगायचं होतं. मी ओल्या फरशीवरच बसले आणि हुंदके देऊन रडले.